भूतानला आई-बाबांना घेऊन जायचंय – मतदार कार्ड, परमिट, खर्च, सगळ्याबद्दल मदत हवी

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये भूतानला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगा ८ वर्षांचा आणि सासू-सासरे. सासऱ्यांचं वय ७१, सासूबाई ६८. आमच्या दोघांचे पासपोर्ट आहेत, मुलाचा नाहीये, आणि आई-बाबांचे तर कधी काढलेच नाहीत. ट्रॅव्हलवाल्याने सांगितलं भारतीयांना व्हिसा लागत नाही, आधार दाखवलं की झालं, पण नेटवर वाचलं की आधार चालत नाही, तर नक्की काय?

दुसरं म्हणजे आईंच्या मतदार कार्डावर नाव सुमन आहे आणि आधारवर सुमती, त्यातून कार्ड खूप जुनं, फोटो ओळखू येत नाही इतका काळा. ते चालेल का नवीन करावं लागेल? तिसरं, माझी नणंद अमेरिकेत असते, तिच्याकडे तिकडचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड आहे, ती त्याच सुमारास येतेय तर तिलाही न्यायचंय. तिला पण आपल्यासारखंच परमिट मिळेल ना? आणि रोजचे माणशी काहीतरी पैसे भरावे लागतात म्हणतात ते किती? विमानाने पारोला जावं की बागडोगरा करून रस्त्याने? बाबांना बीपी आहे, गोळ्या चालू आहेत, तब्येत तशी ठणठणीत, पण घाटात आईंना गाडी लागते.

प्रश्न खूप झालेत, पण आई-बाबांचा हा पहिलाच परदेश प्रवास आहे आणि सीमेवरून कोणाला परत पाठवलं तर त्यांना फार लागेल, म्हणून सगळं आधीच नीट विचारून घेतेय.

डोंगरवाट:

कोयनाकाठ ताई, खर्चाचं आणि रस्त्याचं मी सांगतो, आम्ही माझ्या आई-वडिलांना घेऊन गेलो होतो.

आधी रोजच्या पैशांचं. त्याला एसडीएफ (शाश्वत विकास शुल्क) म्हणतात. भारतीयांना माणशी एका रात्रीचे १२०० रुपये. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे म्हणजे ६००, ५ वर्षांपर्यंत काही नाही. आधी आपल्याला असं काही लागायचं नाही पण २०२२ च्या सप्टेंबरात त्यांनी कोविडनंतर देश परत उघडला तेव्हापासून हे भरावंच लागतं. म्हणजे तुमचे चार मोठ्यांचे ४८०० आणि मुलाचे ६००, एका रात्रीचे ५४००. सहा रात्री राहिलात तर ३२,४०० फक्त याचे, हॉटेल गाडी जेवण वेगळं. लोक हे ऐकून नाराज होतात, पण तिकडच्या लोकांना शिक्षण आणि औषधपाणी मोफत आहे आणि निम्म्याहून जास्त देश जंगलाखाली ठेवायचा असं त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय (६० टक्के), आणि तिथे गेल्यावर नद्या बघितल्या की पैसे दिल्याचं वाईट वाटत नाही, मला तरी नाही वाटलं.

एक हिशोब नीट समजून घ्या, पैसे रात्रीवर आहेत दिवसावर नाहीत. त्यामुळे बागडोगऱ्याला दुपारी उतरून जयगावला (आपल्या बाजूचं गाव, पलीकडे फुंतशोलिंग) संध्याकाळी पोचत असाल तर ती रात्र जयगावलाच काढा आणि सकाळी ताजेतवाने होऊन परमिटला जा. बागडोगरा ते जयगाव चार-पाच तास लागतात, चहाचे मळे आणि जंगल, रस्ता बराचसा सपाट आहे, आईंना तिथे त्रास होणार नाही. रेल्वेने जाणाऱ्यांना जवळचं स्टेशन हासीमारा. खरा घाट फुंतशोलिंगच्या पुढे. थिंफूपर्यंत पाच तास धरा, गेदूच्या आसपास बऱ्याचदा धुकं असतं आणि वळणं संपत नाहीत. आईंना पुढच्या सीटवर बसवा, निघायच्या आधी अर्धा तास उलटीची गोळी द्या, पोटात थोडं काहीतरी असू द्या, आणि ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, ते लोक गाडी शांत चालवतात आणि थांबायला कधी कुरकुर करत नाहीत.

आपली गाडी घेऊन जाऊ नका. महाराष्ट्रातून कोणी नेत नाही म्हणा, पण सिलिगुडीहून भाड्याची गाडी थेट आत नेऊ असं काही जण सुचवतात. भारतीय नंबरप्लेटच्या गाडीला दिवसाला ४५०० रुपये पडतात. त्यापेक्षा जयगावपर्यंत आपली आणि पलीकडे भूतानी टॅक्सी हेच बरं पडतं.

शांताराम_ठाणे:

आधार चालतं. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना नेपाळ भूतानसाठी आधार चालतं असं गृह मंत्रालयाने स्वतः जाहीर केलेलं आहे, पेपरला आलं होतं. तुमचे सासू-सासरे दोघंही ६५ च्या वर आहेत आणि मुलगा १५ च्या खाली, त्यामुळे काळजी करू नका.

सह्यकडा:

शांताराम काका, तुम्ही वाचलंत ते खरं आहे पण ते अर्धं आहे आणि याच मुद्द्यावर माणसं जयगावला अडकतात म्हणून सविस्तर लिहितो. कोयनाकाठ ताई, हे नीट वाचा.

सीमेवर दोन देश असतात. आपला देश तुम्हाला बाहेर जाऊ देतो आणि समोरचा देश आत घेतो. गृह मंत्रालयाचं जे जाहीर झालं ते आपल्या बाजूचं, म्हणजे भारतातून निघताना आणि परत येताना आपले लोक काय मान्य करतील ते. भूतानने आत कोणाला घ्यायचं ते भूतान ठरवणार, आणि त्यांच्याकडे मोठ्या भारतीयांसाठी दोनच कागद चालतात, पासपोर्ट (कमीत कमी सहा महिने मुदत शिल्लक असलेला) किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड. आधार नाही, पॅन नाही, लायसन्स नाही. वय कितीही असो. फुंतशोलिंगला आपल्या दूतावासाची कचेरी आहे, पूर्वी तिथून ओळख पटवून चिठ्ठी मिळायची आणि त्यावर काम व्हायचं, अजूनही काही एजंट हेच सांगतात, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या भरवशावर घर सोडू नका.

आता तुमच्या घरातल्या एकेका माणसाचं बघू.

तुम्ही दोघं पासपोर्टवर जा, विषय संपला.

मुलगा. १८ वर्षांखालच्याला मतदार कार्ड नसतंच त्यामुळे पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला. दाखला इंग्रजीत हवा किंवा दोन्ही भाषांत, आपल्या पालिकेचे दाखले आता मराठी-इंग्रजी दोन्हीत असतात पण जुन्या हस्तलिखित दाखल्यावर फक्त मराठी असतं आणि काही दाखल्यांवर तर बाळाचं नावच टाकलेलं नसतं, नुसतं मुलगा असं लिहिलेलं. आत्ताच काढून बघा. शाळेचं ओळखपत्र उपयोगाचं नाही. माझं मत विचाराल तर मुलाचा पासपोर्टच काढा, १००० रुपये फी, पाच वर्षं चालतो, पुढे कधी ना कधी लागणारच आहे.

बाबा. मतदार कार्ड चांगलं असेल तर तेच मूळ कार्ड. मोबाइलमधला फोटो नको, डाउनलोड केलेली प्रिंट नको, मूळ कार्ड हातात पाहिजे. सोबत दोन झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट साइज फोटो.

आई. इथे खरी मेख आहे. आधारवर सुमती आणि मतदार कार्डावर सुमन, याने भूतानच्या परमिटला काही अडत नाही कारण ते आधार बघतच नाहीत. अडतं कधी, तर विमानाचं तिकीट आधारवरून काढलं आणि परमिट मतदार कार्डावरून मागितलं तर. म्हणून मतदार कार्डावर जे नाव आहे, स्पेलिंगसकट, तेच नाव मुंबई-बागडोगरा तिकिटावर, हॉटेल बुकिंगवर आणि परमिटच्या अर्जावर टाका. देशातल्या विमानतळावर पण मतदार कार्ड चालतं, तिथेही तेच दाखवायचं. आधार पिशवीतच राहू द्या. आपल्याकडे बायकांची लग्नाआधीची लग्नानंतरची नावं, मधलं नाव कधी वडिलांचं कधी नवऱ्याचं, हे घरोघरी आहे, त्यामुळे एकच कागद धरायचा आणि सगळं त्यावरून करायचं.

पण फोटो ओळखू येत नसेल तर ते कार्ड बदलून घ्याच. निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर किंवा मतदारांच्या अॅपवर फॉर्म ८ भरायचा, दुरुस्ती आणि नवीन कार्ड दोन्ही त्याच फॉर्ममध्ये होतं. नाव दुरुस्त करायचं असेल तर आत्ताच करा आणि नवीन कार्ड हातात आल्यावरच तिकिटं काढा. याला लागणारा वेळ तालुक्या-तालुक्यात वेगळा असतो. नोव्हेंबरला वेळ आहे म्हणून मी तर म्हणेन आई-बाबा दोघांचे पासपोर्टच करून टाका. ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, ज्येष्ठांना त्यात १० टक्के सूट, आणि आता बऱ्याच ठिकाणी पोस्टातच पासपोर्ट केंद्र आहे, साताऱ्याहून पुण्याला चकरा मारायला नकोत. फक्त तिथेही नावाचा घोळ आधी निस्तरावा लागेल, आधार आणि बाकीचे कागद एका नावावर आणा मग अर्ज करा.

कोयनाकाठ:

सह्यकडा दादा, खूप खूप आभार. तिकीट मतदार कार्डाच्या नावाने काढायचं हे डोक्यातच आलं नसतं. मुलाचा दाखला काढून पाहिला, इंग्रजीत आहे आणि नाव पण आहे, तरी पासपोर्टला अर्ज करतेय. नणंदेचं कोणी सांगेल का? आणि परमिट आधी ऑनलाइन काढावं की तिथे जाऊन?

जर्सीची_मीनल:

नणंदेचं मी सांगते, मी स्वतः ओसीआयवाली आहे, आणि आमच्या इकडच्या मराठी मंडळींचा इथेच गैरसमज होतो. ओसीआय हा भारताने दिलेला कागद आहे, भारतात येण्यासाठी. भूतानला त्याच्याशी काही घेणं नाही, ते फक्त पासपोर्ट कुठल्या देशाचा ते बघतात. त्यामुळे तुमच्या नणंदेला सीमेवर परमिट मिळणार नाही, तिला आधी ऑनलाइन अर्ज करून व्हिसा घ्यावा लागेल, त्याची फी ४० डॉलर, परत मिळत नाही. आणि एसडीएफ १२०० रुपये नाही, रात्रीला १०० डॉलर. आधी तर २०० होते, २०२३ च्या सप्टेंबरपासून निम्मे केले आणि २०२७ च्या ऑगस्टपर्यंत हाच दर राहणार असं त्यांनी जाहीर केलंय. तिच्यासोबत मुलं येणार असतील तर ६ ते १२ वयाला ५० डॉलर. हे घरात आधीच मोकळेपणाने बोलून घ्या, एका गाडीत बसलेल्या बहीण-भावाला इतका वेगळा खर्च येतो म्हटल्यावर ऐनवेळी अवघड होतं. सहा रात्रींचे तिचे ६०० डॉलर होतील, तर ती चार रात्रींसाठी येऊन पारोहून लवकर निघते का असाही विचार करता येईल.

परत भारतात येताना पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही हातात हवं. आणि रस्त्याने जाणार असेल तर जयगावला भारताच्या इमिग्रेशन चौकीवर थांबून भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का मारून घ्यायचा. तुम्ही भारतीय, त्यामुळे तुमची गाडी त्या चौकीसमोरून तशीच पुढे जाईल, ड्रायव्हरच्या लक्षात राहणार नाही, तिनेच लक्षात ठेवायला हवं. शिक्का नसेल तर पलीकडे प्रवेश करताना अडचण.

तिचा नवरा येणार असेल आणि तो ओसीआयवर नसून ई-व्हिसावर भारतात आलेला असेल तर त्याचं अजून वेगळं. त्याचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा हवा, आणि ई-व्हिसावर ठरावीक ठिकाणांहूनच भारतात परत येता येतं, त्यामुळे त्याने विमानानेच दिल्ली किंवा कोलकाता असं यावं.

डोंगरवाट:

परमिट ऑनलाइनच काढा. तिथे जाऊनही मिळतं पण नोव्हेंबर म्हणजे गर्दीचे दिवस, दुर्गापूजेच्या सुट्ट्यांपासून बंगालमधून जी रीघ लागते ती संपलेली नसते, आणि ज्येष्ठांना रांगेत बसवून ठेवण्यात अर्थ नाही. ऑनलाइन अर्जाला हॉटेलचं बुकिंग आणि कुठल्या दिवशी कुठे असणार ते लागतं, एसडीएफ पण तिथेच भरता येतो. एक लक्षात ठेवा, पुनाखा किंवा फोबजिखाला जायचं असेल तर ती नावं अर्जातच घाला, फक्त थिंफू-पारो टाकून मोकळे होऊ नका, वाटेत चेकपोस्टवर कागद बघतात. फुंतशोलिंगच्या वरती पाचेक किलोमीटरवर रिंचेंडिंगला पहिली तपासणी. थिंफू-पारोच्या पुढे जाणार असाल तर परवानाधारक गाइडचे पैसेही बजेटमध्ये धरा, आणि ज्येष्ठांबरोबर गाइड असला की फार सोपं जातं, मंदिरात काय बघायचं ते समजतं आणि आई-बाबांना हिंदीत प्रश्न विचारता येतात.

त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे, जयगावला साडेआठ म्हणजे पलीकडे नऊ. जाण्याआधी त्यांच्या सरकारी सुट्ट्या बघून घ्या.

विमानाचं विचारलं होतं. पारोचं विमान अनुभव म्हणून जबरदस्त आहे, दिल्लीहून जाताना डाव्या खिडकीतून एव्हरेस्टपर्यंतची रांग दिसते आणि उतरताना दोन्ही बाजूला डोंगर. पण तिथे विमानं फक्त दिवसा आणि डोळ्यांना दरी दिसत असेल तरच उतरतात, हवा बिघडली की उशीर किंवा रद्द. त्यामुळे पारोहून येऊन त्याच दिवशी मुंबईचं विमान असं जोडू नका, मध्ये एक रात्र ठेवा. तुमच्याकडे घाटाचा त्रास असलेली व्यक्ती आहे, तर माझ्या मते जाताना रस्ता आणि येताना पारोहून कोलकात्याचं विमान असं करा, म्हणजे घाट एकदाच. पाच जणांचं भाडं जड जाईल हे खरं, पण दोन्हीकडून घाट नको.

भटकी_अनघा:

उंचीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. थिंफू २३०० मीटरच्या आसपास, पारो त्याहून थोडं खाली, इतक्या उंचीचा बहुतेकांना त्रास होत नाही. पण चेले ला खिंड जवळजवळ ४००० मीटर (३९८८) आणि टॅक्सीवाले पहिल्या-दुसऱ्या दिवशीच तिकडे नेऊ म्हणतात. तुमच्या बाबांना बीपी आहे तर चेले ला अगदी शेवटी ठेवा, वर अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका, आणि डॉक्टरांना आधी विचारा. दोचु ला ही दुसरी खिंड ३१०० मीटरवर आहे, तिथे १०८ छोर्तेन (छोटे स्तूप) आहेत, आकाश स्वच्छ असेल तर हिमशिखरं दिसतात, नोव्हेंबरमध्ये दिसण्याची शक्यता चांगली. तिथून उतरलं की पुनाखा, फक्त १२००-१३०० मीटरवर, उबदार, तिथे दोन रात्री राहा म्हणजे ज्येष्ठांना आराम पडतो. फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर तिथला किल्ला आहे, माझ्या मते पूर्ण भूतानमधली सगळ्यात देखणी जागा, आणि आत जायला थोड्या उभ्या पायऱ्या सोडल्या तर चालणं कमी.

तक्त्संग म्हणजे टायगर्स नेस्टला आई-बाबांना वरपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नका. मठ पारोच्या दरीपासून ९०० मीटर उंचावर आहे, चढ दमवणारा आहे, शेवटी शेकडो पायऱ्या आधी उतरायच्या मग चढायच्या. घोडे मिळतात पण ते फक्त अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंत आणि फक्त चढताना, उतरताना चालतच यावं लागतं, हे खूप जणांना वर गेल्यावर कळतं. त्या कॅफेटेरियाच्या अंगणातून मठ समोरच्या कड्यावर पूर्ण दिसतो, ज्येष्ठांनी तिथे चहा घेत बसावं आणि तुम्ही सकाळी लवकर निघून वर जाऊन यावं. तिकीट खाली सुरुवातीलाच काढायचं, वर नाही मिळत. मोबाइल, कॅमेरा, बॅग मठाच्या दारात जमा.

मठांत आणि किल्ल्यांत पूर्ण बाह्यांचे कपडे, पूर्ण पँट, डोक्यावर टोपी नको, छत्री नको. आईंची साडी आणि वर शाल अगदी योग्य. प्रदक्षिणा आपल्यासारखीच उजवी, ते त्यांना सांगावं लागणार नाही. आतल्या देव्हाऱ्याचे फोटो काढायचे नाहीत. 

नोव्हेंबरमध्ये फोबजिखाच्या दरीत तिबेटकडून काळ्या मानेचे क्रौंच आलेले असतात, ११ नोव्हेंबरला गांगतेच्या मठात त्यांचा उत्सव असतो, मुलाला फार आवडेल. पण तिथली रात्र कडाक्याची थंड, आई-बाबांसाठी बुखारी (खोली गरम करायची शेगडी) असलेली खोली आधीच सांगून ठेवा.

कोयनाकाठ:

अनघा ताई, हे फारच उपयोगी. क्रौंचांचं मुलाला वाचून दाखवलं, तो आता तारीखच धरून बसलाय. शेवटचं एक, पैसे कसे न्यावेत आणि आईंच्या एकादशीचं काय करावं? कार्तिकी एकादशी त्याच दिवसांत येईल असं दिसतंय.

सह्यकडा:

आपला रुपया तिकडे सरळ चालतो, त्यांचं न्गुलत्रुम आणि रुपया एकास एक. पण सुट्टे म्हणून जे न्गुलत्रुम मिळतात ते निघण्याआधी संपवा, जयगाव सोडलं की इकडे कोणी घेत नाही. १०० च्या नोटांची गड्डी ठेवा. १०० पेक्षा मोठ्या नोटा माणशी २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात, आपल्या रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणून सगळी रक्कम एकाच्या खिशात ठेवू नका, चौघांत वाटा. यूपीआय तिकडे २०२१ पासून सुरू झालंय, थिंफू-पारोच्या दुकानांत चालतं पण गावांत आणि टॅक्सीला रोखच. कार्डावर परदेशातला वापर बँकेच्या अॅपमधून आधी चालू करा. आपलं सिम फुंतशोलिंगच्या पुढे उपयोगाचं नाही, तिकडचं पर्यटकांचं सिम पहिल्या दिवशीच घ्या, दोघांपैकी एकाकडे असलं तरी पुरतं.

बाबांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट मूळ पाकिटात न्या, ट्रिपच्या दिवसांपेक्षा आठवडाभराच्या जास्त. झोपेच्या किंवा जबर वेदनेच्या गोळ्या असतील तर चिठ्ठीशिवाय नेऊच नका. कोणी तंबाखू खाणारं असेल तर चौकीवर जाहीर करावी लागते आणि कर पडतो, सिगारेट सार्वजनिक ठिकाणी ओढता येत नाही.

उपासाचं सोपं आहे. भाजलेलं दाण्याचं कूट, राजगिऱ्याचे लाडू, भगर असं कोरडं आणि बंद पाकिटातलं न्या, ताजी फळं-भाज्या सीमेवरून नेऊ नका. बटाटा आणि दूध तिथे कुठेही मिळतं, हॉटेलच्या स्वयंपाकघरात सांगितलं तर मीठ घालून बटाटा उकडून देतात. इतर दिवशी शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, लाल भात, डाळ, पालेभाजी सगळीकडे. एमा दात्शी म्हणजे चीजमधल्या मिरच्या, तिथे मिरची हीच भाजी आहे, तर आई-बाबांना आणि मुलाला आधी केवा दात्शी द्या, त्यात बटाटा असतो. निघण्याच्या आठवडाभर आधी एसडीएफचे दर भूतानच्या पर्यटन खात्याच्या साइटवर परत एकदा बघून घ्या, आणि परमिट आलं की त्यावरचं प्रत्येकाचं नाव अक्षरन् अक्षर कार्डाशी ताडून पाहा. चूक असेल तर घरून दुरुस्त होते.